पार्टी बोटीवर सासू-सासऱ्यांना न्यावं का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मे महिन्यात रत्नागिरीहून सासू-सासरे येताहेत. त्यांना आणि आठ वर्षांच्या मुलाला पार्टी बोटीवर मासेमारीला न्यावं का?

उत्तर : पार्टी बोट म्हणजे माणशी तिकीट काढून अनेकांनी मिळून मासेमारीला जायची बोट. जरूर न्या, पण अर्ध्या दिवसाचीच फेरी निवडा. गळाची काठी बोटीवर भाड्याने मिळते.

खरी काळजी बोट लागण्याची. उलट्या सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नसतो; ती बोट सुटण्याआधी तासभर घ्यायची. मुलाचा डोस डॉक्टरांना विचारा. सासऱ्यांना काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, तर त्यांच्यासाठीही विचारा. जागा बोटीच्या मागच्या भागात, मधोमध धरा. नजर क्षितिजावर हवी. मळमळायला लागल्यावर केबिनमध्ये जाऊन मोबाइल बघणं हा हमखास आजारी पडायचा मार्ग!

मेमध्ये किनाऱ्यावर ऊन असलं तरी पाणी थंडच असतं आणि आत समुद्रात वारा बोचतो. सासूबाईंना साडीवर स्वेटर पुरणार नाही. वारा अडवणारं जाकीट आणि रबरी तळव्याचे बूट हवेत. मुलाला लाइफ जॅकेट घालाच.

या दिवसांत फ्लूक मिळतो, आपल्या लेप्यासारखा चपटा, तळाशी राहणारा. ठरलेल्या मापापेक्षा लहान मासा परत सोडावा लागतो. रत्नागिरीकरांना हे पटणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवा. डेकवरचे मदतनीस मासा साफ करून देतात. त्यांना टिप द्यायची पद्धत आहे.

बर्फाची पेटी गाडीत ठेवा. आणि संध्याकाळच्या जेवणाची दुसरी सोयही करून ठेवा. मासा मिळेलच असं नाही.