दवाखाना आधी ठरवून ठेवा

निपाणीहून कोल्हापूर साधारण 40 किलोमीटर, बेळगाव जवळपास त्याच्या दुप्पट. महामार्ग दारात, मोठे दवाखाने दोन्हीकडं. तरीही आमच्या काकांचा मोलाचा वेळ रस्त्यात गेला नाही, तो गावातच गेला.

काका तंबाखूच्या वखारीत कामाला होते. बरं वाटतंय म्हणून बीपीच्या गोळ्या त्यांनी आपणच सोडल्या होत्या. एका सकाळी चहा घेताना कप निसटला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं. “वारं गेलंय अंगावरनं,” शेजारी म्हणाले. म्हणजे लकवा, मेंदूचा झटका. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, कुणी झाडपाल्याच्या औषधाचं गाव. जवळच्या दवाखान्यात सलाईन लागलं, पण तिथं सीटी स्कॅन नव्हतं. पुढं कोल्हापूर की बेळगाव, यावर पाहुण्यांची फोनाफोनी दुपारपर्यंत चालली. बेळगावला पोचेतो इंजेक्शनची वेळ टळली होती. काका वाचले, उजवा हात मात्र लुळाच राहिला.

मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं हे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही मेंदूत रक्तस्राव नाही हे स्कॅनवर पाहूनच. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळी घालून काढता येते. त्याला साधारण सहा तास, निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत मुभा असते. पण उपचाराविना मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात.

म्हणून निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्या घरांनी आजच चौकशी करावी. बेळगावात केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आणि सरकारी बिम्स आहे, कोल्हापुरात सरकारी सीपीआर रुग्णालय. रात्री-अपरात्रीही स्कॅन आणि हे इंजेक्शन कुठं मिळतं? आपलं आरोग्य योजनेचं कार्ड राज्याच्या सीमेपलीकडं, कोल्हापुरात चालतं का? उत्तरं 108 नंबरासोबत भिंतीवर लिहून ठेवा.

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी निघा. माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका. ठसका लागतो, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिननं घात होतो.

तंबाखू-विडी सोडा, बीपी-साखर तपासत राहा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. आणि वाकडं झालेलं तोंड दहा मिनिटांत सरळ झालं, तरी लगेच दाखवा. मोठ्या झटक्याचा धोका त्यानंतरच्या दोन-चार दिवसांतच सगळ्यात जास्त असतो.