दुकानाआधी जमीन बघा

पुण्याहून फोन येतो, नाशिकहून येतो, मध्यंतरी परभणीहूनही आला. बहुतेक मुलीच असतात, पंचविशीच्या अलीकडच्या-पलीकडच्या. प्रश्न ठरलेला: "ताई, स्केटबोर्डचं दुकान टाकायचंय. मालावर किती सुटतं?" मी उलट विचारते, तुमच्या गावात पोरं बोर्ड चालवतात कुठे? यावर समोरून गाळ्याचं भाडं ऐकू येतं. जागा म्हटलं की प्रत्येकीला दुकानाचीच जागा आठवते.

हैदराबादेत हा धंदा करताना मला जो जो ताप झाला, त्याच्या मुळाशी पोचलं की हीच गोष्ट सापडते. स्केटबोर्ड विकून दुकान चालत नाही, स्केटबोर्ड झिजला तर चालतं. डेक म्हणजे मेपल लाकडाचे सात पातळ थर डिंकाने चिकटवून दाबलेली फळी. रोज ऑली, म्हणजे बोर्डासकट उडी, मारणारं पोरगं असेल तर काही महिन्यांत टेल, म्हणजे मागचं टोक, घासून सुरीसारखी धारदार होते, नाक फुटतं, थर सुटायला लागतात. त्याआधी ग्रिप गुळगुळीत झालेली असते, चाकांना चपटे डाग पडलेले असतात, ट्रकची, म्हणजे चाकं धरणाऱ्या आसाची, रबरं चेपलेली असतात. असं पोरगं महिन्याला एकदा तरी दुकानाची पायरी चढतं. आणि पलंगाखाली पडलेला बोर्ड? तो दहा वर्षं नवाच राहतो.

२०२१ साली टोकियोत स्केटबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाने महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण घेतलं. त्याच वर्षी राजस्थानातल्या मुलीची गोष्ट सांगणारा 'स्केटर गर्ल' नेटफ्लिक्सवर आला. त्यानंतर काही दिवस दुकानात पालकांची अशी रीघ की चहा गार व्हायचा. बोर्ड खपले. पण त्यातली निम्मी-अधिक पोरं पुन्हा कधी दिसलीच नाहीत, कारण ती गेटेड सोसायटीतली. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक, पार्किंगमध्ये गाड्या, आणि चाकांचा खडखडाट झाला की रखवालदार शिट्टी वाजवणार. ती लाट बघून कर्ज काढून माल भरणारे माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्या गोदामात अजून खोकी आहेत.

म्हणून गाळा बघायच्या आधी एक बोर्ड घ्या आणि शहर चाकांवरून बघा. पहाटे बघा, रात्री बघा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर नि संध्याकाळी सातच्या आत डांबरावर उभं राहवत नाही, म्हणजे गिऱ्हाईक कधी खेळणार आणि तुमचं शटर कधी उघडं हवं तेही तिथेच कळतं. नेकलेस रोडला सकाळी रस्ता मोकळा मिळतो. हायटेक सिटीत कंपन्यांसमोर ग्रॅनाइटचे चौथरे आहेत, काचेसारखे, पण तिथे दहा मिनिटं मिळाली तरी नशीब. शहराच्या पश्चिमेला वॉलराइडसारखा खासगी स्केटपार्क झाला, त्याने खरे खेळणारे तयार केले. सिकंदराबादच्या पोराला मात्र तिकडे पोचायलाच अर्धा दिवस लागतो.

कुठला माल ठेवायचा हेसुद्धा जमीनच सांगते. पार्कमध्ये, गुळगुळीत काँक्रीटवर ५२ ते ५४ मिलिमीटरची, ९९ए कडकपणाची चाकं लागतात. तीच चाकं आपल्या डांबरी रस्त्यावर घातली तर दात वाजतात, आणि बारीक खडी आली की चाक जागच्या जागी अडून पोरगं तोंडावर. रस्त्यावर फिरणाऱ्याला ६० मिलिमीटरच्या आसपासची, ७८ए ची मऊ चाकं द्यायची. परदेशी दुकानांची यादी समोर ठेवून माल मागवला की सगळी कडक चाकं येतात आणि रॅकवर बसून राहतात. डेकच्या रुंदीचंही तसंच: ८ आणि ८.२५ इंच भरपूर ठेवा, बाकीचे नमुन्यापुरते. आणि बूट सुरुवातीला अजिबात नको. बुटाच्या एका डिझाइनला सगळे नंबर घ्यावे लागतात, मधले नंबर संपतात, कडेचे उरतात, आणि पैसा त्या उरलेल्या खोक्यांत.

मला टिकवलं ते दुरुस्तीच्या टेबलाने. पावसाळ्यात बेअरिंगं बघावीत. एका बोर्डात आठ असतात, ६०८ मापाची, म्हणजे ८ मिलिमीटर भोक नि २२ मिलिमीटर बाहेरचा व्यास. हे माप यंत्रांतही चालतं, राणीगंजच्या बेअरिंगच्या दुकानांत ते स्वस्तात मिळतं. बरीच पोरं तिथूनच आणतात. पण त्या बेअरिंगांच्या दोन्ही बाजूंना दाबून बसवलेली पत्र्याची झाकणं असतात, ती उघडून आतली धूळ काढता येत नाही. स्केटच्या बेअरिंगचं रबरी झाकण पिनेने अलगद उचलता येतं. एका मुलाच्या आजीने मायेने सगळ्या बेअरिंगांत खोबरेल तेल सोडलं होतं. थंडीत ते थिजलं, त्यात धूळ बसली, आणि चाक हाताने फिरवलं तरी फिरेना. झाकणं काढली, सॉल्व्हंटमध्ये हलवली, काळं पाणी तीनदा ओतलं, पूर्ण वाळवून प्रत्येकात तेलाचा एकेक थेंब. मुलाने चाक बोटाने टिचकी मारून फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत राहिला. अशा कामाचे पैसे जरूर घ्या. ओळखीचा म्हणून फुकट केलंत की पुढे सगळेच ओळखीचे होतात.

गाळ्याच्या करारात एक ओळ घालायची, ती कुणी सांगत नाही: समोरच्या जागेत बोर्ड चालवून बघायची परवानगी. आमच्या मालकांनी तोंडी "हौ, चलाव ना" म्हटलं होतं. वरच्या मजल्यावर क्लिनिक आलं तेव्हा ते 'हौ' विरून गेलं. अकरा महिन्यांच्या करारात तोंडी शब्दाला काही वजन नसतं.

बाहेरून माल मागवणार असाल तर आयातीचा आयईसी क्रमांक डीजीएफटीकडून, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाकडून, ऑनलाइन मिळतो, त्यात अवघड काही नाही. मात्र दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो पोर्टलवर अद्ययावत करावाच लागतो, काहीही बदललेलं नसलं तरी. नाहीतर तो बंद पडतो, आणि हे कळतं ते माल बंदरात आल्यावर. त्याहून मोठा खड्डा दुसरा आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, आणि खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर, २०२३ साली ७० वर गेलं. माझ्या एका मालाच्या इनव्हॉइसवर पाठवणाऱ्याने 'किड्स स्केटबोर्ड' असं लिहून टाकलं होतं. खेळाचं साहित्य आहे हे पटवून देण्यात दिवस गेले, आणि प्रत्येक दिवसाचं गोदामभाडं माझ्या अंगावर. म्हणून ऑर्डर देण्याआधी इनव्हॉइसचा मसुदा मागवा, मालाचं वर्णन आणि एचएसएन क्रमांक कस्टम ब्रोकरला दाखवा, त्याचं उत्तर ईमेलवर घ्या. खोक्यावर कार्टून असलेला माल तर घेऊच नका.

उधारीचं दुखणं सगळ्याच धंद्यात आहे, पण इथे एक फसवी समजूत फिरते. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी केली की ४५ दिवसांत पैसे मिळायचा हक्क आपोआप येतो, असं व्याख्यानांत ऐकवतात. किरकोळ नि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यममध्ये घेतलं खरं, पण फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं. उशिरा पैसे देणाऱ्याविरुद्धचं संरक्षण त्यात नाही. एका शाळेने उन्हाळी शिबिरासाठी आमच्याकडून बोर्ड, पॅड, हेल्मेट नेली आणि पैशांसाठी पुढचा उन्हाळा उजाडला, तेव्हा सीएने मला हे समजावलं. प्रशिक्षण आणि दुरुस्ती ही मात्र व्यापार नसून सेवा आहे, म्हणून तिची नोंद आणि बिलं वेगळी ठेवा, मालाचे पैसे आधी घ्या. हैदराबादेत वी-हब आहे, तेलंगण सरकारने २०१८ साली खास उद्योजक स्त्रियांसाठी काढलेलं. योजनांची, नोंदणीची, ओळखीपाळखीची मदत अशा ठिकाणी चांगली होते, जरूर जा. गिऱ्हाईक मात्र तिथून येत नाही.

बाईचं दुकान म्हणून काय होतं, हेही विचारतात. "सेठ कब आते?" हा प्रश्न अजून येतो. मी "आ गए, बोलो" म्हणते. ट्रकचा नट आवळताना वडील मंडळी हातातला पाना काढून घेतात आणि किंगपिन, म्हणजे ट्रकचा मधला बोल्ट, इतका पिळतात की बोर्ड वळेनासा होतो. मी पुन्हा सैल करते. काचीगुड्याच्या आमच्या घरात तीन पिढ्यांपासून मराठी माणसांची ये-जा, त्यातल्या एक काकू अजून मला बँकेच्या परीक्षेच्या तारखा सांगतात. यावर उपाय शोधत बसू नका. वेळ मालावर घालवा.

मुलींसाठी वेगळा तास मात्र ठेवाच, आणि ते पुण्याचं काम म्हणून नव्हे. बेंगळुरूच्या अतिता वर्गीसने २०१५ मध्ये 'गर्ल स्केट इंडिया' सुरू केलं, त्याच वर्षी मध्य प्रदेशातल्या जनवारमध्ये उलरिके राइनहार्ड यांनी पार्क उभारला आणि नियम केला: मुलींना आधी संधी, आणि शाळा बुडवली तर बोर्ड नाही. पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, तेव्हा मी ती बातमी कापून काउंटरवर लावली. 'मुलींना आधी' हा नियम आमच्या रविवारच्या सकाळीही आहे. मुलगे गटाने येतात, गटाने पांगतात. मुलगी आली की आई येते, मावशी येते, पुढच्या रविवारी शेजारची येते. आणि आया प्रश्न नीट विचारतात: हेल्मेट कुठलं, पडली तर काय, शिकवणारी कोण. दुचाकीचं जड हेल्मेट इथे कामाचं नाही. सायकल-स्केटसाठीचं, ईएन १०७८ मानकाचं घ्या, मापाप्रमाणे तीन आकारांत भाड्याने ठेवा, आणि एकदा जोरात आपटलेलं पुन्हा देऊ नका, बाहेरून धड दिसत असलं तरी.

शिकवणीचं संमतीपत्र वकिलाकडून मराठी, तेलुगू आणि इंग्रजीत करून घ्या, अपघात विमा वेगळा काढा. पत्रावर दोन फोन नंबर घ्या, आईचा आणि आणखी एकाचा. मुलगी मनगट धरून बसलेली असताना पहिला नंबर हमखास मीटिंगमध्ये असतो.