साखर घातली की नाही?

चि. निखिल,


रविवारी दादा चहा करत होता. आधण उकळत असतानाच तुझा फोन आला. बोलणं संपलं तेव्हा साखरेचा डबा हातात तसाच होता, आणि साखर घातली की नाही, तेच त्याला आठवेना. "डोकं पूर्वीसारखं चालत नाही गं," तो म्हणाला. "वयच झालंय, माझंही असंच होतं," तुझी आई पटकन बोलून गेली. दादा गप्प झाला.

त्या गप्प होण्यामुळे हे पत्र.

दादाला असलेल्या आजारावर 1817 साली जेम्स पार्किन्सन यांनी निबंध लिहिला, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असं नोंदवलं होतं. आजाराला त्यांचं नाव देणाऱ्या पॅरिसच्या शार्को यांना पुढे तसं दिसलं नाही. तरी आजही पार्किन्सन म्हटलं की लोकांना हाताचा कंपच आठवतो. विचार मंदावतात, शब्द ओठांवर येऊन अडतो, चालता चालता बोलायला गेलं की पाय थबकतात, हे घरच्यांनाही उशिरा कळतं.

स्मरण आणि विचारशक्ती तपासणाऱ्या मोका चाचणीत दादाला 30 पैकी 28 गुण मिळाले. अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळही त्यानं अचूक काढलं. पण बँकेत आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माणसाची थोडीशी घसरण अशा चाचणीत सहसा दिसत नाही. ती आधी त्याची त्यालाच जाणवते.

अशी तक्रार असणाऱ्यांत पुढे बौद्धिक क्षमता कमी होण्याची शक्यता जास्त असते, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण प्रत्येकाचं तसं होत नाही. कित्येकदा मुळाशी उपाय होण्याजोगं काही असतं: नैराश्य, मोडलेली झोप, बी-12ची कमतरता, थायरॉईड, कमी ऐकू येणं. कंपासाठी दिलेल्या ट्रायहेक्सीफेनिडिलसारख्या गोळीनंही स्मरण मंदावतं. ती परस्पर बंद मात्र करू नकोस, डॉक्टरांना विचार.

एक वही घाल. काय विसरलं, किती वाजता, गोळी घेऊन किती वेळ झाला होता, आदल्या रात्री झोप कशी लागली, हे दादाच्याच शब्दांत लिही. आईला काय दिसलं, ते वेगळ्या ओळीत. गुरुवारी तपासणीला ती वही ने, आणि डॉक्टरांसमोर आधी दादाला बोलू दे. त्याला शब्द सापडायला वेळ लागला, तरी वाक्य तू पुरं करू नकोस.

आणि फोन पाचनंतर करत जा. तोवर त्याचा चहा झालेला असतो.

तुझी,
आत्या