मोठा डाग की बारीक ठिपके?

जिन्यावरून घसरून मांडीवर तळहाताएवढा काळानिळा डाग उमटला की घरचे घाबरून दवाखान्यात धाव घेतात. पण तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी पोटऱ्यांवर आलेले बारीक लाल ठिपके घामोळं समजून सोडून देतात. मला काळजी वाटते ती या ठिपक्यांची.

त्वचेखाली रक्त उतरतं तेव्हा डॉक्टर त्याचं नाव आकारावरून ठरवतात. साधारण 2 मिलिमीटरपर्यंतचे ठिपके म्हणजे पेटेकी. त्याहून मोठे, पण 1 सेंटिमीटरच्या आतले डाग म्हणजे पर्प्युरा. त्यापुढचा पसरट डाग म्हणजे एकिमोसिस. मुका मार लागल्यावर उमटतो तो बहुधा हाच. रक्त एका जागी साकळून गाठ झाली, तर तो हिमॅटोमा.

ठिपका रक्ताचा आहे की साधं पुरळ, हे पाहायला त्यावर पारदर्शक काचेचा ग्लास दाबून धरा. पुरळाची लाली बहुतेकदा दाबाने फिकी पडते. रक्ताचा ठिपका तसाच राहतो, कारण ते रक्त वाहिनीतून आधीच बाहेर आलेलं असतं. जोराच्या खोकल्याने किंवा उलट्यांनी चेहऱ्यावर असे ठिपके येतात आणि आपोआप जातातही. मात्र कारण नसताना पायांवर, अंगभर किंवा तोंडात आले, तर त्याच दिवशी रक्त तपासा. प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असायला हव्यात. डेंगीत त्या झपाट्याने उतरतात. डेंगीची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका. ताप उतरला म्हणून निर्धास्तही होऊ नका, कारण धोक्याचा काळ बहुधा तेव्हाच सुरू होतो. पोट दुखत राहिलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर थेट रुग्णालय गाठा. तापासोबत असे ठिपके, मान आखडणं आणि गुंगी असेल, तर तासाभराचाही उशीर नको.

मुक्या माराचा डाग जांभळा, हिरवट, पिवळा होत साधारण दोन आठवड्यांत विरतो. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने थंडावा द्या. शेक नको आणि तेल लावून चोळणं तर अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. आंबेहळदीचा लेप लावायचाच असेल, तर कातडी फाटलेली नसावी आणि हात हलका असावा.

वयस्कर माणसांच्या हातांवर धक्का लागल्याचं आठवतही नसताना जांभळे डाग दिसतात. वयाने आणि उन्हाने कातडी पातळ होते, त्यामुळे ते येतात आणि सहसा निरुपद्रवी असतात. पण आजी-आजोबांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डाग वाढल्याचं डॉक्टरांना कळवा. गोळी मात्र परस्पर बंद करू नका. हृदयाच्या झडपेसाठी किंवा स्टेंटसाठी ती दिलेली असू शकते. आणि अशा माणसाचं डोकं आपटलं, तर बाहेर साधं टेंगूळही नसलं तरी लगेच दाखवा. कवटीच्या आत हळूहळू साचणाऱ्या हिमॅटोमाची लक्षणं कधी कधी काही आठवड्यांनी दिसतात: डोकेदुखी, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. तेव्हा पडल्याची गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा.