तारांच्या जोड्या

मुंबईस १८८२ साली टेलिफोन एक्सचेंज सुरू झाले. पुढे पुष्कळ वर्षांनी देगलूर येथील एका कार्यालयात टेलिफोनच्या तारा सांभाळण्याचे काम शिकण्याचा योग आम्हांस आला. भिंतीवरील पेटी उघडताच आमची मती गुंग झाली!

परंतु विद्यार्थी मित्रहो, त्या गुंत्यासही नियम असतो. प्रत्येक टेलिफोनास दोन तारांची एक जोडी लागते. बाहेरील विजेचा उपद्रव दोन्ही तारांस सारखाच व्हावा व खरखर टळावी, म्हणून त्यांस पीळ घालतात. रिसीव्हर उचलताच विद्युन्मंडल पूर्ण होते व एक्सचेंजास वर्दी पोहोचते. पंचवीस जोड्यांच्या केबलीत पांढरा, तांबडा, काळा, पिवळा व जांभळा या प्रत्येक रंगाशी निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी व राखाडी यांची क्रमाने सांगड असते. पाच पंचे पंचवीस!

हे पाठ झाल्याने आम्हांस गर्व झाला. एके दिवशी निकामी समजून एक जोडी आम्ही न तपासताच कापली. वरच्या मजल्यावरील कारकुनाची आई परगावी रुग्णालयात होती. तो दिवसभर निरोपाची वाट पाहत बसला. टेलिफोन मात्र मुका! सायंकाळी तार जोडताच घंटा वाजली. सुदैवाने वार्ता कुशल होती. पण आमची मान खाली गेली.

तेव्हापासून आधी जोडीवर टेलिफोन लावून ऐकावे, दुसरे टोक शोधावे, चिठ्ठी बांधून वहीत नोंद करावी आणि मगच पक्कड उचलावी, हा आमचा नेम झाला. तारेच्या दुसऱ्या टोकास माणूस असतो, हे विसरू नये.