भिंत आपली, बोर्ड आपला, मग हरकत कुणाची?

"जागा खासगी आहे, परवानगी कशाला?" हे वाक्य गोव्यातल्या पेडण्यात हल्ली दोघांच्या तोंडी ऐकू येतं: जागामालकाच्या आणि जाहिरात कंपनीच्या एजंटाच्या. दुसऱ्याचं ऐकून पहिला अडकतो. आणि तोच मालक, खात्याचा कुणी माणूस जीपमधून उतरून "बोर्ड काढा" म्हणाला की, कागद न बघता शिडी आणायला धावतो. दोन्ही प्रकार माझ्या दारात घडले, म्हणून हे लिहितो.

तेरेखोलात आमच्या घरातल्या मागच्या खोल्या पर्यटकांना देतो. केरीची फेरीबोट सोडून किल्ल्याकडे निघालं की कुंपणाच्या आत आमची पाटी दिसते. पत्र्यावर हाताने रंगवलेली: घराचं नाव, "खोल्या मिळतील" आणि फोन नंबर. एकदा एक अधिकारी आले. "किल्ल्याच्या रस्त्यावर असले बोर्ड चालत नाहीत, उद्यापर्यंत काढा." मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि एवढंच विचारलं, "साहेब, कुठल्या कायद्याचं कुठलं कलम, आणि ते बजावायचा अधिकार तुमच्या खात्याला आहे का? तसं लिहून द्या, मी लगेच काढतो." लिहून द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. जाता जाता मात्र त्यांनी एक गोष्ट दाखवली, आणि त्यात ते बरोबर होते. खांब आमच्या हद्दीत होता, पण पाटीचं टोक गटाराच्या वर, म्हणजे रस्त्याच्या जागेत आलेलं होतं. ती पाटी आम्ही त्याच संध्याकाळी आत वळवली. पुढे नोटीस आली नाही.

सगळा मामला या वीतभर पत्र्यात आहे. रस्त्याच्या जमिनीत, किंवा तिच्यावर लोंबकळत, काही असेल तर रस्त्याचं खातं ते हटवू शकतं. तिथे हुज्जत घालू नये. हद्दीच्या आत मात्र खात्याची मर्जी पुरत नाही. घटनेचं कलम 300अ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावता येत नाही. टाटा प्रेसच्या खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जाहिरातही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात धरली. तिला बंधन घालायचं तर कायदा हवा, अधिकाऱ्याचं तोंडी फर्मान नव्हे. मोपा विमानतळाच्या वाटेवरचे राक्षसी फलक मलाही बघवत नाहीत. पण मला किंवा साहेबांना बघवत नाही हे कारण नियमात लिहिलेलं असेल तरच चालतं.

आता उलट बाजू. जानेवारी 2023मध्ये मोपाहून विमानं उडू लागली आणि रस्त्याकडेच्या काजूच्या भाटांना अचानक भाव आला. आमची वडिलोपार्जित जमीन त्याच वाटेवर आहे. एजंट आला, वर्षाचं भाडं सांगितलं आणि तेच वाक्य म्हणाला. त्याला मी चेन्नईच्या फलक कंपन्यांची गोष्ट सांगितली. खासगी जमिनीवरच्या होर्डिंगला सरकारचा परवाना कशाला, म्हणून त्या न्यायालयात गेल्या होत्या. 2008 साली, नोव्वा अ‍ॅड्सच्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने परवान्याची ती पद्धत उचलून धरली. जमीन तुमची असली तरी फलक उभा असतो रस्त्यावरच्या माणसासाठी. त्याचं लक्ष विचलित झालं किंवा सांगाडा त्याच्या अंगावर पडला, तर तो मामला खासगी राहत नाही. 13 मे 2024ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. फलक 120 बाय 120 फुटांचा, महापालिकेची मर्यादा 40 बाय 40ची. जमीन रेल्वे पोलिसांकडची, आणि तिथे महापालिकेचे नियम लागू होतात का, यावरच वाद घातला जात होता.

एजंटाच्या करारात बारीक अक्षरात एक कलम होतं: परवाने, दंड आणि फलक हटवण्याचा खर्च, सगळं जागामालकाच्या माथी. मी सही केली नाही. शेजारच्या एकाने केली, आणि आता तो मला विचारायला येतो की हे ओझं काढायचं कसं.

त्याला आणि इतरांना मी सांगतो ते असं. आधी एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे प्लॅन काढा. उताऱ्यावर चुलत्यांची नावं असतील, किंवा कुळाची नोंद असेल, तर एकट्याच्या सहीला अर्थ नाही. मग पंचायतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नगरनियोजन, रस्त्याचं खातं, किनारा जवळ असेल तर किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरण, यांपैकी कुणाकुणाचा ना हरकत दाखला लागेल ते पंचायतीकडूनच लेखी मागा. तेरेखोलात तर रेडीकडे निघालात की थोड्याच अंतरावर महाराष्ट्र सुरू होतो. तिथे गोव्याचा परवाना कुणी बघणार नाही. पैसे भरलेत तर पावतीवर "कर" लिहिलंय की "शुल्क", ते वाचा. जीएसटीसाठी झालेल्या 101व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली जाहिरात कराची नोंद वगळली. तेव्हा "कर" दिसला तर तो कशाच्या आधारावर, हे विचारायचा हक्क तुमचा आहे.

निवडणुकीत कार्यकर्ते भिंत रंगवायला येतात तेव्हा आचारसंहिता मालकाची परवानगी मागते. गावच्या ओळखीमुळे नाही म्हणवत नाही, हे खरं. तरी होकार द्यायचा तर कागदावर द्या, नाहीतर कुणाच्या परवानगीने रंगवली हे तुमच्याच अंगावर येतं.

आणि नोटीस आलीच, तर ती फाडू नका, फलकावर चिकटवलेली असेल तर फोटो काढा. तारीख, सही, खातं, कलम, उत्तराची मुदत बघा. मुदतीत उत्तर द्या, सुनावणी मागा. कलमच नसेल तर माहिती अधिकाराखाली ते विचारा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शेजाऱ्याने परवा तसाच अर्ज दिला आहे, आणि कंपनीला वेगळी वकिलाची नोटीस, करारातल्या त्या बारीक कलमाबद्दल.