क्रम न सोडणारा संग्रह

गोव्याचे बारा तालुके वर्णानुक्रमे लिहावयाचे झाले, तर यादी अशी होईल : काणकोण, केपे, डिचोली, तिसवाडी, धारबांदोडा, पेडणे, फोंडा, बार्देश, मुरगाव, सत्तरी, सांगे, सासष्टी. या यादीत बार्देश आहे काय, असे कोणी विचारले, तर पहिल्या नावापासून वाचीत जाण्याचे कारण नाही. मधले नाव पाहावे. ते पेडणे, बार्देश त्याच्या पुढे येणार, म्हणून अलीकडची पाच नावे तत्काळ बाद झाली. उरलेल्यांतील मधले मुरगाव. बार्देश त्याच्या अलीकडे. पुन्हा मधले पाहू जाता फोंडा, आणि त्याच्या पुढचेच बार्देश. चौथ्या प्रश्नाला उत्तर हाती आले. हजार नावे असती तर फार तर दहा प्रश्न लागले असते, आणि दहा लाख असती तर वीस! शब्दकोश चाळताना आपण सारे अजाणता हेच करीत असतो.

परंतु या सोयीची एक अट आहे. यादी क्रमाने लागलेली असावयास हवी, आणि नवे नाव आले तरी तिचा क्रम बिघडता कामा नये. धारबांदोडा हा तालुका मागाहून झाला. अकरा नावांच्या यादीत तो घालावयाचा, तर पेडण्यापासून सासष्टीपर्यंतची सात नावे एकेक ओळ खाली सरकवावी लागतात. यादी एकदा क्रमाने लावणे ही एक गोष्ट, आणि ती सदैव क्रमाने लावलेली ठेवणे ही अगदी वेगळी गोष्ट होय. या दुसऱ्या गोष्टीचा विचार संगणकाच्या प्रोग्रॅमात कसा केला जातो, ते विद्यार्थिमित्रांना सांगावे, असा आमचा मानस आहे.

ज्या पद्धतीस ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग म्हणतात, तिच्या नावाला मराठीत ‘वस्तुनिष्ठ’ हा शब्द काही ठिकाणी योजतात. आम्हांस तो रुचत नाही. वस्तुनिष्ठ म्हटले की परीक्षेतील एका वाक्यात उत्तरे द्यावयाचे प्रश्न आठवतात. ‘वस्तुप्रधान’ म्हणावे हे बरे. या पद्धतीत प्रोग्रॅम म्हणजे आज्ञांची लांबलचक जंत्री नसून वस्तूंचा समुदाय असतो. प्रत्येक वस्तू आपली माहिती आपल्यापाशी बाळगते, आणि तिला काय विचारता येते व काय करावयास सांगता येते, हे तिचा क्लास ठरवितो. नॉर्वेमधील ओले-योहान डाल व क्रिस्टेन निगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत या कल्पनेचा उगम आहे. पुढे अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगॉल्स, ॲडेल गोल्डबर्ग प्रभृतींनी स्मॉलटॉक ही भाषा घडविली.

स्मॉलटॉक-८० मध्ये सॉर्टेडकलेक्शन नावाचा क्लास आहे. त्याची वागणूक पाहण्यासारखी आहे. त्यात वस्तू टाकता येते, परंतु ‘ही पहिल्या जागी ठेव’ असे सांगितले तर तो साफ नकार देतो. जागा ठरविण्याचा अधिकार टाकणाऱ्याचा नव्हे, तो संग्रहाचा. प्रथमदर्शनी हा हेकटपणा वाटेल. तथापि संग्रहाने क्रमाचे वचन दिले आहे, आणि कोणाही येणाऱ्याला हवी ती जागा देत गेल्यास ते वचन पाळता येणार नाही. मधले नाव पाहून शोधण्याची युक्ती त्या वचनावरच उभी आहे. एक नाव जरी भलत्या जागी बसले तरी अर्धी यादी बाद करण्याचा आपला हक्क गेला.

आता क्रम कोणता, हे संग्रहाला कोणी सांगावयाचे? तालुक्यांच्या नावांचा क्रम उघड आहे. परंतु विद्यार्थी या वस्तूचा क्रम कोणता? हजेरी क्रमांकाचा, नावाचा, उंचीचा, की गुणांचा? म्हणून संग्रहाला एक तुलना करणारा द्यावा लागतो. जावा या भाषेत त्याला कंपॅरेटर म्हणतात. त्याच्यापुढे दोन वस्तू ठेवल्या की तो एक संख्या सांगतो : पहिली वस्तू आधी येत असेल तर ऋण, नंतर येत असेल तर धन, आणि क्रमाच्या दृष्टीने दोन्ही सारख्या असतील तर शून्य. त्याच्या उत्तरांत सुसंगती मात्र हवी. कागद, दगड, कात्री हा खेळ आपण खेळतो. कागद दगडाला जिंकतो, दगड कात्रीला, आणि कात्री पुन्हा कागदाला. हा नियम देऊन कोणी ‘या तिघांस क्रमाने उभे करा’ म्हणाला, तर साक्षात बृहस्पतीही हात टेकेल.

शून्य या उत्तरात फार मोठा धोका दडलेला आहे, आणि तेथे आपण थोडे थांबू. जावात १९९८ सालापासून ट्रीसेट नावाचा क्रमवार संग्रह आहे. नावातील ‘सेट’ म्हणजे गणितातील संच, आणि संचात एकच घटक दोनदा येत नाही. दोन वस्तू एकच आहेत की नाहीत हे ट्रीसेट कंपॅरेटरलाच विचारतो. समजा, आपण केवळ गुणांची तुलना करणारा कंपॅरेटर दिला, आणि वर्गातील दोन मुलींना प्रत्येकी ८६ गुण मिळाले. पहिली आत गेली. दुसरी आली, तेव्हा उत्तर आले शून्य. संग्रहाने समजूत करून घेतली की ही आधीच आत आहे, आणि तिला घेतले नाही. कसली आरडाओरड नाही, की काम थांबले नाही. ‘घातले नाही’ एवढे उत्तर संग्रह देतो खरा, पण ते पाहण्याची तसदी बहुधा कोणी घेत नाही. चाळीस मुलांच्या वर्गाची गुणवत्ता यादी एकोणचाळीस नावांची छापून भिंतीवर लागते, आणि ८६ गुण मिळविलेली एक मुलगी त्या यादीपुढे उभी राहून आपले नाव वरून खाली व खालून वर शोधीत राहते.

यात दोष यंत्राचा नव्हे, प्रश्नाचा आहे. ‘कोण आधी?’ आणि ‘हे दोघे एकच काय?’ हे दोन निराळे प्रश्न आपण एकाच उत्तरात कोंबले. उपाय सोपा आहे. गुण सारखे निघाल्यास नावाची तुलना करावी, आणि नावेही सारखी निघाल्यास जनरल रजिस्टरातील क्रमांकाची. तो क्रमांक शाळेत दोघांना कधीच सारखा नसतो, म्हणून दोन भिन्न मुलांसाठी शून्य हे उत्तर येणारच नाही. स्मॉलटॉकचा सॉर्टेडकलेक्शन याबाबतीत उदार आहे. सारख्या वस्तू आल्या तर तो दोन्ही ठेवून घेतो. आमचे मत विचाराल तर नवशिक्यासाठी हा उदारपणाच बरा.

दुसरा धोका याहून गूढ आहे. तो समजण्यासाठी ट्रीसेटच्या पोटात काय आहे ते पाहिले पाहिजे. तेथे ओळीने मांडलेली यादी नसते, तर एक झाड असते, आणि तेही उलटे, मूळ वर असलेले. पाच विद्यार्थ्यांचे गुण घ्या : मुळाशी ७२, डावीकडे ६४ व त्याच्या डावीकडे ५८, उजवीकडे ८१ व त्याच्या उजवीकडे ९०. कमी ते डावीकडे, अधिक ते उजवीकडे, असा दंडक. नवीन वस्तू आली की मुळापासून खाली उतरत तिने आपली जागा गाठावयाची. सात नावे सरकविण्याचा खटाटोप येथे नाही.

आता ६४ गुणांच्या विद्यार्थ्याने फेरतपासणी मागितली आणि त्याचे गुण ८४ झाले. कोणी तरी त्या वस्तूतील आकडा परस्पर बदलला. वस्तू मात्र डाव्या फांदीवर होती तेथेच राहिली. पुढे त्या विद्यार्थ्याचा शोध सुरू झाला. ८४ हे ७२ हून अधिक, म्हणून उजवीकडे. ८१ हूनही अधिक, म्हणून पुन्हा उजवीकडे. ९० हून कमी, म्हणून डावीकडे. आणि तेथे तर कोणीच नाही! संग्रह निःशंकपणे सांगतो की असा विद्यार्थी नाही. तो आहे, परंतु सापडत नाही. आणि सापडत नाही म्हणून काढून टाकताही येत नाही. यासाठी नियम असा की, ज्या गुणधर्मावर क्रम अवलंबून आहे तो संग्रहात असताना बदलू नये. वस्तू आधी बाहेर काढावी, मग बदल करावा, आणि नंतर ती पुन्हा आत घालावी.

झाडाची आणखी एक खोड आहे. तालुक्यांची नावे आधीच वर्णानुक्रमे लावून एकामागून एक साध्या झाडात घातली, तर प्रत्येक नाव आधीच्याच्या उजवीकडे जाईल आणि झाडाची नुसती काठी होईल. मग सासष्टी शोधण्यास बारा तुलना! म्हणजे व्यवस्थितपणे काम करणाऱ्यालाच शिक्षा. यावर १९६२ साली सोव्हिएत संघातील आडेलसन-वेल्स्की व लांडिस या दोन गणितज्ञांनी तोड काढली : एक बाजू फार खोल गेली की फांद्या फिरवून झाड पुन्हा तोलावयाचे, क्रम न मोडता. १९७२ मध्ये रुडॉल्फ बायर यांनी निराळी रचना मांडली. गिबास व सेजविक यांनी १९७८ मध्ये तिला लाल-काळ्या झाडाचे रूप दिले. जावाचा ट्रीसेट याच लाल-काळ्या झाडावर चालतो.

आता आमच्या जिव्हाळ्याची गोष्ट. आम्ही कलाशाखेचे, त्यातून घरी कोकणी व शाळेत मराठी बोलणारे. दोन्ही भाषांत ‘ळ’ वाचून आमचे पान हलत नाही. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. संगणकाला मात्र अक्षर म्हणजे एक क्रमांक. यूनिकोडच्या तक्त्यात ल चा क्रमांक २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७ आणि ह चा २३६१. हा तक्ता निरनिराळ्या भारतीय लिप्यांतील समान अक्षरे समान जागी यावीत अशा बेताने आखलेला असून त्यात ळ हा ल च्या शेजारी बसला आहे. परिणाम असा की, निव्वळ क्रमांकांची तुलना करणारा संग्रह गावांची नावे वागातोर, वाळपई, वास्को अशी लावतो. मराठी शब्दकोशाच्या रीतीने ती वागातोर, वास्को, वाळपई अशी लागावयास हवीत. ज्ञ ची गतही तशीच. यंत्राच्या दृष्टीने तो ज, हलन्त चिन्ह आणि ञ अशी तीन चिन्हांची जोडणी; त्यामुळे ग्रंथालयाच्या यादीत ‘ज्ञानेश्वरी’ ही ‘जोड’ आणि ‘जौहर’ यांच्याही खाली, ज च्या शेवटाकडे जाते. वर्णमालेच्या शेवटच्या पानावर ज्ञ शोधण्याची सवय असलेल्या वाचकाला ती तेथे सापडणार नाही, आणि तो रिकाम्या हाताने परत जाईल.

याचा उपाय तक्ता बदलणे हा नव्हे. मराठीचा क्रम जाणणारा कंपॅरेटर संग्रहाला दिला की झाले. संग्रह तोच राहतो, झाड तेच राहते, आणि ळ आपल्या जागी जातो. कमळ, कळस, कहाणी, कलम, कवडी, कमर हे सहा शब्द विद्यार्थ्यांनी वहीत दोन रीतींनी लावून पाहावेत. क्रमांकांच्या रीतीने : कमर, कमळ, कलम, कळस, कवडी, कहाणी. मराठीच्या रीतीने : कमर, कमळ, कलम, कवडी, कहाणी, कळस. कळस शेवटी गेला, कमळ मात्र दोन्ही याद्यांत जागचे हलले नाही. ते का, हे घरी वडीलधाऱ्यांना विचारण्यापूर्वी स्वतः शोधावे.